माप

मार्था बाईंनी हिरव्या कापडाची गुंडाळी
मशीनवर ठेवली, म्हणाल्या,
"झाड शिवायचंय. नाताळचं.
बालवाडीच्या भिंतीला."

एकतीस वर्षं मी मंगळवार पेठेत बसतो.
तालमीतल्या पोरांचे लंगोट, जांगिये,
बँडवाल्यांचे लाल कोट,
एकदा तर हलगीला खोळ शिवली.
झाड कधी आलं नव्हतं दुकानात.

चिमटीत धरून बघितलं कापड.
उभा धागा नाही, आडवा नाही,
विणलेलंच नाही मुळात.
नुसती लोकर, दाबून दाबून
एकमेकींत गुंतलेली.
पट्टणकोडोलीच्या घोंगड्याची
लांबची मावसबहीण म्हणा.
कात्री लावली तरी कड सुटेना,
पट्टी नको, इंटरलॉक नको,
माझा निम्मा धंदा बुडवणारं कापड.

"उंची?"
"शेंड्यापर्यंत पोरांचा हात पुरला पाहिजे."
आता हे काय माप झालं?

गेलो मग, टेप गळ्यात घालून.
पोरं भिंतीला पाठ लावून ओळीत उभी.
"हात वर" म्हटल्यावर
सगळ्यांनी दोन्ही वर केले, चोर पकडल्यासारखे,
आणि जी हसायला लागली ती थांबेनात.
चव्वेचाळीसच्या छात्यांना टेप लावणारा मी,
फरशीवर गुडघे टेकून बसलो.
सगळ्यात बुटकी अल्फिया मुल्लाणी.
टाचा उचलून, जीभ बाहेर काढून
तिनं मधलं बोट जिथं टेकवलं
तिथं खडूनं रेघ मारली.
जमिनीपासून पंचेचाळीस इंच.
झाड तेवढं.

रात्री दुकान अर्धं ओढून घेऊन
फळं कापली बँडच्या कोटांच्या चिंधीतून,
जुन्या फेट्याच्या जरीतून घंटा.
मागं वेलक्रोचा नुसता काटेरी तुकडा,
मऊ बाजू लागत नाही, झाडच मऊ.
दूर कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं,
दोऱ्यालासुद्धा काकवीचा वास.

सकाळी यशोधन आला, मूठ घट्ट मिटून.
उघडली तर तीन लाल गोंडे.
"पप्पांच्या दुकानातले. पापाच्या तिकटीचे."
दारातल्या एक वहिनी पुटपुटल्या,
"चपलेचे गोंडे? देवाच्या झाडाला?"
मार्था बाईंनी वेलक्रो कापता कापता
वर न बघताच सांगितलं,
"गोठ्यात जन्मलेल्याला काय त्याचं."
गोंडे लागले.
खरं सांगतो, माझ्या सगळ्या फळांपेक्षा
तेच उठून दिसले.

मला वाटलं, सजवतील, टाळ्या वाजवतील, झालं.
कुठलं काय.
सगळी फळं एकाच फांदीवर, खाली,
चार फूट झाड वर मोकळंच.
मग चर्र करून काढली.
परत लावली. परत चर्र.
कापड फाटतंय असं वाटून
दरवेळी माझ्या काळजात तसंच.
आमच्याकडं उसवलं म्हणजे चूक झाली,
इथं उसवायलाच रांग लागलेली.

अल्फियाला तारा दिला, शेंड्यासाठी.
टाचा उचलल्या. बोट पुरलं.
लावला, बघितला,
काढला,
आणि स्वतःच्या स्वेटरवर छातीशी चिकटवला.
लोकर ती पण लोकरच, बसला की घट्ट.
डबा खाताना तिथंच होता,
घरी जाताना रिक्षातही.
कुणी मागितला नाही.
झाड शेंड्याविना.

वहीत लिहून ठेवलंय:
झाड, एक. उंची पंचेचाळीस. कंबर, छाती नाही.
शिलाईचे पैसे बाई द्यायला लागल्या
तर म्हटलं, असू दे, पुढच्या वर्षी बघू,
तोवर पोरं वाढतील, तोकडं होईल.

या कापडाला माया सोडावी लागत नाही,
कडेला सुटतच नाही तर कशाला.
तरी बुंध्याला, आतल्या बाजूनं,
दोन इंच दुमडून ठेवलीय.