बाही

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. होडीघरामागच्या खडकावर
दहिवर गोठलेलं, आणि आमच्या मंडळाची पाच माणसं,
तिपाईवर एक दुर्बीण, दीड थर्मास कॉफी.
वेलदोडा घातलेले पाव सिर्काने आणलेत;
दर अर्ध्या तासाने ती जाळ्यांवरून परत येते
तेव्हा बोटांवर चोचींचे ओरखडे असतात
आणि साखर.

वही माझ्याकडे. मला पक्षी ओळखता येत नाहीत,
अक्षर बरं आहे म्हणून ठेवून घेतलं.
आउलिस सांगतो, मी लिहितो:
आठ दहा. क्रौंच, एकशे चाळीस, दक्षिणेला.
आठ बारा. हंस, नऊ, त्यात दोन पिल्लं, अजून राखाडी.

डोळे त्याचे घारीचे.
कान मात्र बोटीच्या इंजिनखोलीने खाल्ले,
एकतीस वर्षं, थोडे थोडे,
वरच्या पट्टीपासून सुरुवात करून.

त्यात एक पक्षी गेला.
हिप्पिआइनेन. अंगठ्याएवढा, डोक्यावर हळदीची रेघ,
वजन पाच ग्रॅम, भिजला तर साडेपाच.
एवढ्या जिवावर समुद्र ओलांडतो,
आणि हाक अशी, की सुईच्या नेढ्यातून ओवून घ्यावी.

तीन वर्षांपूर्वी वहीत त्याचे आकडे एकदम ओसरले.
मंडळाला घोर लागला: जंगलतोड? थंडी? मांजरं?
मग कुणीतरी आउलिसकडे पाहिलं,
आणि मग सगळ्यांनीच
खिडकीबाहेर.

ठराव झाला नाही. इतिवृत्तात ओळ नाही.
फक्त पुढच्या शनिवारपासून
बारा वर्षांची पिहला त्याच्या डावीकडे उभी राहू लागली,
म्हणे शिकायला.
हिप्पिआइनेन बोलला की ती त्याची बाही ओढते.
एका पक्ष्याला एक हिसका.
तो दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणतो,
"हिप्पिआइनेन, एक."
मी लिहितो.

आज नऊच्या सुमारास वारा पडला
आणि भूर्जांच्या रांगेतून ते आले.
मला दिसलं काहीच नाही; वाटलं,
आपल्याच कानात काहीतरी किणकिणतंय.
पिहलाने बाही ओढली. पुन्हा. पुन्हा.
मग दोन्ही हातांनी, देवळाच्या घंटेची दोरी ओढावी तशी,
आणि तो अख्खा हलायला लागला, कॉफी बुटांवर,
"अगं, पाडशील मला! किती?"
"मोजताच येत नाहीयेत!"
"तसा रकाना नाही," तो माझ्याकडे वळून म्हणाला.
"साठ लिही."
आणि थोड्या वेळाने, समुद्राकडे बघत,
"पोरगी हात राखून ओढते. सत्तर कर."

आवरताना पाहिलं, बाही खांद्यापाशी उसवली होती,
आतला पांढरा कापूस बाहेर.
सिर्का म्हणाली, काढ, आत्ता शिवून देते.
नको, म्हणाला.
मोसम संपू दे.