तीनशे ग्रॅम

घड्याळ मी तीनदा उघडलं.
पहिल्यांदा तेल बदललं, दुसऱ्यांदा चाकांचे दाते घासले,
तिसऱ्यांदा नुसताच बघत बसलो,
पोट उघडून काहीच न सापडलेल्या डॉक्टरसारखा.
आजार नव्हता. तरी रोज
चार मिनिटं मागं. चाराला काही सेकंद कमी. न चुकता.

झोइला चिलुइसा म्हणाल्या,
हामरफेस्टला एकोणीस वर्षं भिंतीवर होतं,
गावातले लोक येऊन त्यावर आपली घड्याळं लावायचे.
ऑडवार गेला त्या रात्रीही ते थांबलं नाही.
मीच थांबवलं नंतर,
बोटीवर चढवायच्या पेटीत घालताना.

मग मला उस्ताद आब्दोन आठवला.
ग्वायाकिलहून घड्याळ वर कीतोला आलं
की तो कानही न लावता सांगायचा:
हे अर्धा मिनिट आळसावणार.
समुद्रावर पृथ्वी हात घट्ट धरते, म्हणायचा,
इथं डोंगरावर नुसतं बोट.
आणि हे तर थेट उत्तरेच्या टोकाहून आलेलं.
पृथ्वी कमरेशी फुगलेली, त्या फुगवट्यावर आपण,
वर आणखी पावणेतीन हजार मीटरचा डोंगर,
शिवाय ती फिरते ती इथंच सगळ्यात वेगानं.
ओढ कमी पडते.
लंबक खाली यायला जरासा उशीर करतो, प्रत्येक खेपेला,
आणि दिवसाला त्याच्या खेपा किती, ते मोजा.

बाई गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या,
माझा काटाही तिकडचाच आहे, स्प्रिंगचा.
तिथं निघताना एकसष्ट दाखवत होता.
इथं अठ्ठावन्न पूर्णांक सहा.
मला वाटलं, रडण्यानं.
म्हणजे तीही पृथ्वीच?

याला माझ्याकडे पाना नव्हता.
दुकानाला कुलूप लावलं, त्यांना सान रोकेच्या बाजारात नेलं,
ट्रान्सितोच्या बटाट्याच्या तराजूपाशी.
तराजूला हा डाव चालत नाही,
दोन्ही पारड्यांना पृथ्वी सारखंच कमी ओढते.
एका पारड्यात बाई बसल्या, पिशवी मांडीवरून काढून,
दुसऱ्यात पन्नासाचं, पाचाचं, दोन दोनाची.
एकोणसाठ. वजनं किंचित जड.
ट्रान्सितोनं बाईंच्या हातात एक कांदा दिला.
दांडी सरळ झाली.
भोवती जमलेली पोरं टाळ्या वाजवत होती.

परतताना चढावर मी तोंडी हिशेब केला:
तीनशेच्या वर थोडे ग्रॅम पृथ्वीचे,
ते तुमचे गेलेलेच नाहीत.
बाकी दोन किलो...
पुढं काय म्हणायचं ते मला सुचलं नाही.
बाकी दोन किलो माझे, त्या म्हणाल्या,
आणि कांदा अजून हातात आहे हे पाहून
मोठ्यानं हसल्या. मग तो द्यायला पुन्हा उतरल्या.

लंबकाच्या तळाशी एक छोटी चाकी असते.
ती फिरवली की गोळा वर सरकतो.
अर्ध्या मीटरच्या दांड्याला पावणेतीन मिलिमीटर पुरे,
क्विनोआच्या दाण्याहून थोडं जास्त.
एवढंच अंतर, हामरफेस्ट ते कीतो.
फिरवण्याआधी मी सुईनं दांड्यावर एक ओरखडा काढला,
गोळा तिथं जिथं असायचा
त्या जागी. कधी कोणी परत नेलंच
तर त्याला शोधत बसायला नको.

नऊ रात्री ते माझ्या पलंगासमोर होतं.
रेडिओच्या ठोक्याशी ताडून पाहत होतो.
नवव्या दिवशी फरक दोन सेकंद.
आणखी एक खटका फिरवता आला असता.
बाई दारात उभ्या होत्या, शाल अंगावर, हातात पिशवी,
पिशवीत बटाटे.
किती झाले, विचारलं त्यांनी.
मी पिशवीकडे पाहिलं
आणि म्हणालो, दोन किलो.