सिली पॉइंट

भुसावळच्या रेल्वे ग्राउंडवर, काथ्याच्या मॅटवर,
मे महिन्यातल्या मॅचा सकाळी सहाला सुरू व्हायच्या.
अकरानंतर चेंडूसुद्धा हाताला चटका द्यायचा.
मी स्कोअरर. बाकावर. पेन्सिल कानावर.

बॅट्समनच्या अगदी पुढ्यात प्रल्हाद सपकाळे,
डिझेल शेडमधला खलाशी,
ना हेल्मेट ना पॅड, हात गुडघ्यांवर,
बॅट फिरली की तिचा वारा कपाळाला लागावा इतका जवळ.
'अय भो, मांगे सर!' मी ओरडायचो.
तो वळून हसायचा. सरकायचा नाही.

अंपायर भारंबे सर, हायस्कुलात इंग्रजीला.
चहाला विचारलं, सर, त्या जागेला सिली का म्हणतात?
'सिली म्हणजे मूर्ख. शहाणा उभा राहील का तिथं?'
मी स्कोअरबुकाच्या कडेला टिपून ठेवलं:
सिली = मूर्ख.

चहानंतरची तिसरी ओव्हर.
चेंडू प्रल्हादच्या डाव्या कानावर, तिथून उडून
विकेटकीपरच्या हातात. आउट.
मी कीपरच्या नावे झेल लिहिला.
कानाला स्कोअरबुकात रकाना नसतो.

बुधवारी सर सायकलवर घरी आले,
कॅरिअरला खाकी कव्हरची जाडी डिक्शनरी.
'चुकलो रे मी. अर्धंच सांगितलं.'
उंबऱ्यातच उघडून बोट फिरवत गेले:
आधी अर्थ होता सुखी, देवाचा हात डोक्यावर असलेला.
मग निष्पाप.
मग बिचारा. मग दुबळा.
मग हे.
काही शतकं लागली, म्हणाले, कुणी ढकललं नाही,
यार्डातला डबा उतारावर आपोआप निघतो तसा
शब्द निघाला.

मला शेडमधली कँटीन आठवली.
प्रल्हादच्या नावावर पाच जणांचा चहा,
प्रल्हादच्या गळ्यात दुसऱ्याची रात्रपाळी,
आणि वर, 'जाऊ द्या हो, देवमाणूस आहे तो,'
एक डोळा बारीक करून.

सरांना पाणी दिलं.
कडेचा 'मूर्ख' खोडरबरानं पुसला,
दुसरं काही लिहवेना.
बरोबरचं चिन्ह तेवढं राहिलं, पुढं कागद.

पुढच्या रविवारी तो आला. कानात कापूस.
थेट त्याच जागी, हात गुडघ्यांवर.
'अय भो, मांगे सर!'
तो वळला नाही.
माझ्या बाजूला डावा कान होता.