असूनही

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, लिंबांच्या ओळीतल्या सहाव्या क्वार्टरात
रिटायर गार्ड रोझारिओ दुपारी रेकॉर्ड लावायचे.
कुठल्याशा अमेरिकन डोंगरातली धून,
फिडलच्या चार तारांवर पळत सुटलेली,
सिग्नल मिळालेल्या मालगाडीसारखी.
मी नऊ वर्षांचा, आईबरोबर दूध घालायला आलेलो,
किटलीची कडी धरून.
तिथंच थबकलो.
आई पुढच्या दारी पोचली, किटलीला माझा हात नव्हता.

"ब्लूग्रास म्हणतात याला," ते म्हणाले. "निळं गवत."
निळं मला ठाऊक नाही.
गवत ठाऊक आहे: तापीकाठी पोटऱ्यांना चावणारं,
आमच्या कपिलेच्या दाढेखाली कुर्र वाजणारं.
म्हटलं, चला, अर्धं तर कळलं.

गज कसा धरायचा ते त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून दाखवलं.
त्यांच्या बोटांना शिटीच्या पितळेचा वास.
सूर चुकला तरी बोलत नसत,
फक्त त्यांची वेताची खुर्ची करकरायची.
ती करकर थांबायला चार वर्षं गेली.
थांबली त्या दिवशी त्यांनी फिडल माझ्या मांडीवर ठेवलं
आणि चहा टाकायला उठले.

मग साखरपुडे, बारशी, केळीच्या व्यापाऱ्यांचे सत्कार.
फैजपूरला जनरेटर बंद पडला.
मंडपभर आरडाओरड, बॅटरी आणा, कंदील आणा.
मी धून सोडलीच नाही.
अमळनेरचा सुकलाल ढोलकी थांबवून कुजबुजला,
"भाऊ, अंधार शे!"
म्हटलं, "कोठे शे?"

आता तिकिटं संपतात.
तरी निवेदक माइकवर गळा भरून येऊन सांगतात,
"अंध असूनही..."
आणि त्या 'असूनही'वर टाळ्या पडतात,
अजून एक तारही छेडलेली नसताना.

परवा जळगावला मी त्या पोराला म्हटलं, तेवढा शब्द गाळ.
"मग काय सांगू, सर?"
सांग, भुसावळचा हिलाल कोळी.
दूधवाल्या केसरबाईचा.
उशिरा आलाय, कारण पॅसेंजर भादलीला अडकली होती.

त्यानं तसंच सांगितलं. कुणी हसलं.
दुसऱ्या धुनेत पहिल्या रांगेतली एक खुर्ची करकरली.
रोझारिओ जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला माहीत आहे.
तरी ती ओळ मी पुन्हा घेतली,
सावकाश,
खुर्ची गप्प होईपर्यंत.