पिवळा काढू नको

बसवण्णी, आधी कॉपी करून घे.
मूळ फोटोवर हात चालवायचा नाही,
तीन महिने झाले कानीकपाळी ओरडतोय,
आणि तू अजून गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमध्येच घुसून
मुरूम पुसायलास.

मुरूम पूस. तो आज आहे, उद्या नाही.
तीळ, देवीचे वण, कपाळावरचं गोंदण,
याला विचारल्याबिगर ब्रश लावायचा नाही.
अकोळच्या एका बाईचं गोंदण
मी डाग समजून उडवलं होतं.
लेक फोटो न्यायला आली. बराच वेळ बघितलं.
म्हणाली, छान काढलाय की,
कुणाचा आहे?

केसांभोवती पांढरी किनार राहती म्हणतोस.
राहणारच. कागद कापल्यागत कापतोस.
केस कापायचे नसतात, सोडवायचे असतात,
टोकाकडून, गुंता सोडवतात तसे.
कड एक पिक्सेल आत ओढ
आणि मागच्या भिंतीचा रंग
बटांमध्ये जरासा राहू दे.
माणूस कुठंतरी उभा होता की रे,
हवेत नव्हता तरंगत.

आता हसू नको, पण सांगतो.
खडकलाटच्या लग्नात दुसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी.
बरं दिसंना. शेजारचा तुकडा उचलला,
स्टॅम्प मारला, मोकळा झालो.
महिन्याभरानं नवरीचा बाप अल्बम काखेत मारून हजर.
बोट ठेवलं:
हे आमचे साडू, जिनगोंडा.
बोट सरकवलं:
हेही आमचे साडू, जिनगोंडा.
आहेर मात्र एकच पोचलाय.

स्क्रीनवर उजळ, कागदावर काळं?
चिक्कोडीच्या लॅबवाल्याला शिव्या घालू नको.
रात्री दिवा घालवून तू काम करतोस,
ब्राइटनेस टोकाला चढवतोस,
अंधारात कुणीही गोरं दिसतंय.

श्रद्धांजलीच्या बॅनरला वर कन्नड, खाली मराठी.
एकाच फॉन्टात दोन्ही कोंबलंस
आणि मयताच्या नावाच्या जागी
सात रिकाम्या चौकटी उमटल्या.
प्रिंट निघाली, चौकात लागली,
लोकांनी हार घातला चौकटींना.
दोन ओळी, दोन लेयर. एवढंच करायचं होतं.

हं. आता हा बघू.
तायव्वा माने, तंबाखूची वखार,
डोक्यावर एकच बल्ब, सगळा फोटो हळदीत बुडालेला.
तू भिंतीवर क्लिक करून रंग बरोबर केलास.
भिंत पांढरी झाली, लुगडं हिरवं झालं,
दात दातासारखे झाले. शाबास.
मीही म्हटलं असतं, दे प्रिंटला.

पण ती आगाऊ पैसे द्यायला उठली,
कनवटीची पुरचुंडी सोडून
दहाच्या नोटा काउंटरवर मोजायला लागली,
स्क्रीनच्या अगदी शेजारी.
मी एकदा हात बघितला, एकदा फोटो.

फोटोत बाळंतिणीसारखी गुलाबी बोटं.
काउंटरवर अंगठा, तर्जनी, मधलं,
नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत पिवळी,
चौतीस वर्षांची पिवळी,
साबणाला न बधलेली,
तुझ्या एका क्लिकला बधलेली.

फोटोत पिवळे दोन होते, बसवण्णी.
एक बल्बचा. तो गेला ते बरं झालं.
दुसरा तिचा होता.

सगळं उलटं फिरवू नको, भिंत परत बिघडेल.
मास्क घे. मऊ ब्रश, साठ टक्के.
फक्त तीन बोटांवरनं फिरव,
करंगळीला लावू नको,
करंगळी पानाला टेकत नाही.
हळू. ती अजून बाकावर बसलीय,
बसची वाट बघायलीय,
तिला काही कळायचं कारण नाही.

आणि सेव्ह करताना नाव नीट दे.
फोल्डरात ‘फायनल’ नावाचे सोळा पडलेत,
त्यातला एकही फायनल नाही.
लिही: तायव्वा माने, वखार, निपाणी.
लेयर तसेच ठेव. चपटा करू नको.