परत मोज

खोटं लिही, असं इथं कुणी कुणाला सांगितलं नाही.
अकरा वर्षांत एकदाही नाही.
चाऊस सर तर जुम्म्याला नमाजाहून येताना
सगळ्यांसाठी केळी आणतात.
ते फक्त म्हणतात, "परत मोज."

जालन्याची एमआयडीसी, शेवटचं फाटक.
बाहेर मे महिना, चव्वेचाळीस.
आत उगवण-खोलीत पंचवीस,
ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत
सोयाबीनचे चारशे दाणे आठ दिवस उभे.
अर्धा अंश इकडंतिकडं झाला की मशीन ओरडतं,
तांबडा दिवा लागतो, खरात जिन्यावरून पळत येतो.

बाकीच्या हवेचं मशीन नाही.
ती आपली मुरत जाते
गोदामातल्या औषधाच्या वासागत:
पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं,
पुढं घरचेच सांगतात, साडीला वास येतोय.

मी लागले तेव्हा कोंडाबाईंनी शिकवलं,
आधी पेन्सिल.
सर बघून जाईपर्यंत शाई नाही.
त्रेसष्टाचे सत्तर कसे होतात
ते काही शिकवलं नाही, दिसत गेलं.
वाकडा कोंब जरा सरळ धरायचा.
मूळ तुटकं असलं तर म्हणायचं, येईल उशिरा, बिचारं.
माया करायची, एवढंच.
शंभरातले सात नुसत्या मायेवर उगवायचे.
लेबलं तर आधीच छापून आलेली,
रबर लावून, माझ्या टेबलाखाली.

मग ही आली, सुकेशनी हिवराळे, परतूरची.
तिला पेन्सिल दिली. तिनं कानामागं खोचली.
मोजलं. बासष्ट.
"परत मोज."
तिनं परत मोजलं. खरंच परत मोजलं,
चारी गुंडाळ्या उलगडून, ओठ हलवत.
बासष्ट.
"परत."
आम्ही सगळ्या माना खाली घालून. पंख्याचा आवाज.
"सर, दाणे तेवढेच आहेत," ती म्हणाली
आणि निळ्या शाईनं लिहिलं.

काही झालं नाही.
म्हणजे लॉट थांबला, दोन ट्रक रिकामे उभे राहिले,
मालकाचा फोन सरांनी बाहेर उन्हात जाऊन घेतला.
डब्याच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची
तीन दिवस कुणी ओढली नाही.
जुम्म्याला केळी आली. तिलाही मिळालं एक.
सोमवारी हमाल घुगे नमुना घेऊन आला
आणि कुणाकडंच न बघता बोलला,
"ह्या टायमाला पोत्याच्या मधून काढलंय. वरून नाही."

आज माझ्या कागदात सदुसष्ट.
वाकडे तीन आहेत.
तसे फार वाकडेही नाहीत.
सरांचे बूट जिन्यात वाजायलेत.
पेन्सिलीला टोक केलेलं आहे.
पेन सुकेशनीकडं. मागितलं तर देईल ती,
पण मागायला
त्या खुर्चीत जाऊन बसावं लागेल.