पुढे ओढलेली खुर्ची

बोट वाजवून बघावी लागते,
बाजारात मडकं वाजवून घेतात तशी.
त्यासाठी माझ्याकडे एक छोटी हातोडी आहे,
पंचवीस वर्षांची, मूठ घामानं काळी पडलेली.
टण् म्हणजे आत सगळं धरून आहे.
भद् म्हणजे फायबरचे पदर सुटलेत, पाणी मुरलंय,
आणि कुणाला तरी फोन करून
वाईट बातमी सांगायची आहे.

टॅम्पाच्या खाडीकाठचं यार्ड.
सकाळी नऊलाच शिडी हाताला चटका देत होती.
चोवीस फुटी बोट स्टँडवर चढवलेली,
नाव ‘पासिएन्सिया’, म्हणजे सबुरी.
पंख्याची पाती कडबोळ्यासारखी वळलेली,
तळाला दीड हात लांब ओरखडा,
त्यात अजून वाळू.

“मी चालवत होतो,”
मी काही विचारण्याआधीच विल्फ्रेदो म्हणाला.
सहा फूट दोन इंच, निवृत्त, शर्टाच्या खिशात पॉलिसीची घडी.
चालकांच्या रकान्यात एकच नाव, त्याचं.

मी वर चढलो.
स्टिअरिंगमागची खुर्ची पार पुढे ओढलेली,
अगदी शेवटच्या खाचेत.
विल्फ्रेदोला तिथे बसायचं तर
गुडघे घरी ठेवून यावं लागलं असतं.
कप ठेवायच्या खळग्यात केसांची पिन.

फॉर्मवर त्रेसष्ट प्रश्न असतात.
अग्निशामक कधी भरला,
तळातला पंप पाणी उपसतो का,
वादळाचं नाव जाहीर झाल्यावर बोट कुठे नेणार.
खुर्ची कुठल्या खाचेत होती
असा प्रश्न नसतो.

माझे आजोबा टार्पन स्प्रिंग्जला
समुद्राच्या तळातून स्पंज काढायचे.
त्यांचा विमा म्हणजे
संत निकोलसपुढची एक मेणबत्ती.
हप्ता चुकला की आजी बोलायची,
संत कधी काही बोलला नाही.

खाली उतरलो तर ती
बोटीच्याच सावलीत उभी, हातात थर्मास.
“लिहा, ओडालिस चालवत होती.”
विल्फ्रेदो स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला.
शब्द नाही कळले, सूर कळला.

“एकतीस वर्षं मी पुढे बसले.
सँडविच दिली, दोर फेकला,
याची टोपी उडाली की पकडली.
त्या रविवारी म्हटलं, हो बाजूला.
दोन तास चालवली. पुलाखालून नेली.
डॉल्फिन आले तेव्हा वेग कमी केला,
कुणी सांगितलं नव्हतं.
वाळूवर चढली ती शेवटची अर्धी मिनिटं.
तीसुद्धा तुमच्या कागदावर याचीच होणार?”

“पैसे देणार नाहीत गं ते.”
“नाही तर नाही.”

मी म्हणालो, देतील की नाही ते कंपनी बघेल,
मी फक्त वाजवतो आणि ऐकतो.
पण पान अकरावर एक कलम आहे,
कुणीच वाचत नाही ते,
मालकाच्या परवानगीनं चालवली असेल तर –

“परवानगी?” ओडालिस म्हणाली.

विल्फ्रेदो यार्डाच्या क्रेनकडे बघू लागला.
क्रेन बंद होती.

मी लिहिलं, चालक: ओडालिस फेरर.
तिनं वाकून बघितलं, मधे दोन आर आहेत ना.
मग विचारलं,
त्या वाळूवर ओहोटीला पाणी किती असतं?
दीड फूट.
आणि भरतीला?
साडेतीन, पौर्णिमेच्या सुमारास थोडं जास्त.

माझंच पेन घेऊन तिनं
तळहातावर दोन्ही आकडे लिहिले,
फुंकर मारून वाळवले.
पेन परत द्यायला विसरली.

डावी बाजू वाजवायची अजून राहिली होती.